हायवेला सोळा

१२ एप्रिल, रविवार

सोळा म्हणालो. तोंडातून निघून गेलं — सोळा!

मामांनीच विचारलं. रंभाजीमामा, दीपाचे वडील. जामखेडजवळच्या त्यांच्या गावी आज गाडी पहिल्यांदाच नेली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. पुण्यातून सेकंडहँड घेतली, वर इंजिनाचं ट्यूनिंग करून घेतलं, त्याला वर्ष होत आलं. इतके दिवस ती सासुरवाडीला न्यायचं टाळत होतो. आज आवाज ऐकूनच निम्मं गाव गोळा झालं. मामा बॉनेटवर हात ठेवून उभे, जशी काही त्यांनीच बनवलीय. आणि म्हणाले, "पाव्हणं, समदं खरं, पन ॲव्हरेज काय देती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं उत्तर — हायवेला नऊ. नगरच्या गर्दीत सहा. एमआयडीसीतला इंजिनिअर, बायको रिक्षाने बँकेत जाते आणि हा असली गाडी उडवत फिरतो, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं मला. त्यांच्या डोळ्यांत नसेलही. माझ्याच मनातलं असेल.

"हायवेला सोळा."

मामांचा चेहरा असा फुलला! लगेच मागे वळून लोकांना — "ऐकलं का? रेसची गाडी, आन् सोळा देती! पाव्हण्यांनी सोताच्या डोक्यानी काम केलंय इंजिनात."

दीपा दारात उभी होती. तिला खरं माहीत आहे. परत येताना कडा गाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग एवढंच — "अण्णांशी कशाला?" वडिलांना ती अण्णा म्हणते.

१३ एप्रिल

किती साधं होतं. नऊ म्हणायचं. लोक हसले असते, मामाही हसले असते, चहा झाला असता. संपलं असतं.

१६ एप्रिल

मामांचा फोन. आवाजात नुसता उत्साह. "आवं, टपरीवर कोन इस्वासच ठिवंना! म्या म्हनलं, सोता बसून बघतो आन् मंग सांगतो तुमाला."

मग आवाज उतरला त्यांचा. म्हणाले, "राहुरीला जाऊन यायचं का एकदा? राहीकडं. गाडी दाखवाया आलो म्हनून जाता यील."

राहीबाई, त्यांची धाकटी बहीण. लग्नात मी तिला पाहिलेलं नाही, कारण ती आलीच नव्हती. दीपाने आज सांगितलं सगळं. आजीच्या दहाव्याला अण्णा चारचौघांत तिला फार लागेल असं बोलले. ती न जेवता निघून गेली. तेव्हापासून हे तिकडे नाहीत, ती इकडे नाही. घरात कुणी तिचं नाव काढलं तरी अण्णा उठून बाहेर जायचे. "आणि आता तुझ्या गाडीचं निमित्त करून जायचं म्हणतायत!" दीपाचे डोळे भरून आले होते.

आणि मी त्या वेळी काय विचार करत होतो? नऊचे सोळा कसे करायचे!

१९ एप्रिल, रविवार

पुण्याला जाऊन आलो. ज्याने ट्यूनिंग केलं तो आदिनाथ पोट धरून हसला. "लोक माझ्याकडे ताकद वाढवायला येतात. कमी कर म्हणणारा तू पहिलाच." पण केलं त्याने. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये हायवेसाठी वेगळा प्रोग्रॅम टाकला — शांत, पेट्रोल हात राखून सोडणारा. रुंद टायर काढून मूळचे अरुंद बसवले. हवा थोडी जास्त. मागचा पंख मीच खोलून घेतला, वारा अडवतो म्हणून. पंखाशिवाय गाडी भादरल्यासारखी दिसते.

येताना ऐंशीच्या वर गेलो नाही. वरचा गिअर, पाय पिसासारखा. ज्या ट्रकांना मी एरवी शिट्टी मारल्यासारखा मागे टाकायचो, ते ओव्हरटेक करून गेले. एका ड्रायव्हरने तर हात करून विचारलं — बंद पडली का?

ॲव्हरेजच्या मीटरने बारा दाखवलं. नऊचे बारा! सरळ माणसासारखं चालवलं तर एवढं देते ही. इथेच थांबायला हवं होतं. मामांना म्हणता आलं असतं, बारा देते, मी वाढवून सांगितलं. पण नाही.

२६ एप्रिल, रविवार

दीपाला घेऊन सुप्यापर्यंत. तिला म्हणालो, फिरून येऊ. खरं म्हणजे मला एक गोष्ट करून बघायची होती. मोठ्या गाडीच्या अगदी मागे राहिलं की समोरचा वारा ती तोडते, आपलं इंजिन हलकं चालतं. दुधाचा टँकर मिळाला. त्याच्या मागे चिकटलो. इतका, की टँकरच्या मागचं हॉर्न ओके प्लीज एवढंच दिसत होतं, रस्ता नाही. मीटरचा आकडा चढायला लागला. तेरा. साडेतेरा.

दीपा म्हणाली, "मागे घे." मी म्हणालो, थांब जरा.

टँकरने ब्रेक मारला. म्हशी आडव्या आल्या होत्या. आमची गाडी थांबली तेव्हा बॉनेट त्याच्या बंपरखाली गेलं होतं. लागलं नाही — आमची काच आणि त्याचा बंपर यांत वीतभर अंतर असेल.

दीपा काही ओरडली नाही. पट्टा सोडला. "मी इथे उतरते." आणि सुप्याच्या फाट्यावर जाऊन एस्टीत बसली. मी तिच्या बसच्या मागे मागे नगरपर्यंत आलो. आणि — हे लिहिताना लाज वाटते — त्या बसच्या मागेही आकडा बघत होतो. चौदा.

२ मे

आज एकटाच. एसी बंद, काचा बंद. काच उघडी असली की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो. शर्ट पिळून काढावा असा भिजला. पंधराच्या वर! घरी येऊन दीपाला सांगणार होतो. तिचं तोंड बघून सांगितलं नाही.

१० मे, रविवार

मामा दवाखान्यात आहेत. संध्याकाळी शुद्धीवर आले. माझा हात धरला त्यांनी. हात सोडवून मी बाहेर येऊन बसलो. पुढचं लिहिता येत नाही.

११ मे

जे झालं तसं लिहितो. इथे तरी.

रविवार असूनही दीपाला बँकेत बोलावलं होतं, ती आली नाही; पण राहीबाईंना आम्ही येतोय असं तिने फोन करून कळवलं होतं. मी एकटाच काल सकाळी मामांना आणायला गेलो. नवं धोतर, पूर्ण बाह्यांचा सदरा, कडक टोपी. दाराशी ज्वारीचं अर्धं पोतं भरून ठेवलेलं. राहीबाईला गावाकडची ज्वारी आवडते म्हणून. मी म्हणालो, "मामा, वजन होतं हो. वजनाने ॲव्हरेज पडतं." तर म्हणाले, "व्हय का? मंग ऱ्हाऊंद्या." आणि स्वतः उचलून आत ठेवून आले. एका बाजूला झुकत, पाय ओढत. मी मदतीला हातही लावला नाही, टाकी भरलीय ना ते बघत होतो.

मामी म्हणाल्या, उन्हाच्या आत पोचा. पण मामांना टपरीवरच्या सगळ्यांना टाटा करायचा होता. निघायलाच ऊन चढलं.

एसी लावला नाही. काचा बंद. गाडी आतून काळी. मामांनी आष्टीपर्यंत हात फिरवून सगळं बघितलं. मीटर कुठला ते मी दाखवलं. मग ते त्या आकड्याकडेच बघत बसले. चौदा. चौदा-पाच. प्रत्येक पॉइंटला मांडीवर थाप! "आली बगा, आली!" मध्येच आपणहून म्हणाले, "राहीला काय म्हनू हो पयल्यांदा? चुकलो म्हनू, का कशी हाईस म्हनू?" मी म्हणालो, कशी आहेस म्हणा. माझं लक्ष पुढच्या ट्रेलरकडे होतं.

कडा ओलांडल्यावर त्यांनी टोपी काढली. थोड्या वेळाने — "पाव्हणं, काच जरा खाली घेता का?"

मी म्हणालो, "मामा, काच उघडली की आकडा पडतो. नगर जवळ आलंय. पाचच मिनिटं."

"ऱ्हाऊंद्या मंग. सोळा झालं पायजे."

पाच मिनिटं नव्हती. नगर अजून बरंच लांब होतं. मला माहीत होतं.

चिचोंडीच्या पुढे आकडा पंधरा-आठवर गेला. मी म्हणालो, "मामा, बघा!" मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घाम नाही. थेंब नाही घामाचा! "मामा" म्हणून हलवलं तर काहीतरी बरळले, शब्दच लागले नाहीत.

आणि तेव्हा — हेही लिहितोच — मी आधी मीटरकडे बघितलं. एक क्षणभर. मग पाय दाबला.

काचा खाली, एसी पूर्ण, बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर. त्या गाडीत जेवढा जोर होता तेवढा वापरला. लोक शिव्या देत होते. दवाखान्याच्या दारात दोघांनी उचलून आत नेलं. डॉक्टरीण बाईंनी ओल्या चादरी, बर्फ, सलाइन सगळं एकदम सुरू केलं. मग मला विचारलं, "शेतात काम करत होते का उन्हात?"

"नाही. गाडीत होते."

"कसल्या गाडीत?"

खिडकीतून ती दिसत होती. लाल, चकचकीत. बाई सलाइनकडे वळल्या.

दीपा धावत आली. "एसी नव्हता का?" मी म्हणालो, "बंद पडला." कसं म्हणालो देव जाणे. अगदी सहज! आणि पलंगावरून मामा, डोळे मिटलेले, ओठ फुटलेले — "व्हय गं. बंद पडला हुता. पाव्हण्यांनी लई खटपट केली."

ते खोटं बोलले. माझ्यासाठी. माझ्याकडे न बघता.

एवढ्यावरही मी थांबलो नाही. दीपा आत असताना तिचा फोन वाजला. माझ्याजवळ होता. राहीबाई होत्या. म्हणाल्या, "कवाची वाट बघतीया. भाकरी थापून बसलीया. कुठवर आलाय दादा?" दवाखान्यात म्हटलं असतं तर त्या आल्या असत्या, कसं झालं, का झालं, सगळं विचारलं असतं. मी म्हणालो, "आत्या, गाडी बंद पडली. परत गेलो. बघू पुन्हा कधी."

पलीकडून — "बरं." आणि फोन ठेवला.

ती नोंद मी फोनमधून पुसून टाकली.

१४ मे

मामांना घरी सोडलं. मूत्रपिंडाला धक्का बसला होता, आता ठीक आहे. नगरहून भाड्याची मोठी गाडी केली. मामांनी विचारलं नाही, आपली का नाही म्हणून. वाटेत दीपाला एकदा म्हणाले, "राहीचा फोन नसंल आला?" दीपा म्हणाली, नाही. मामा खिडकीबाहेर बघायला लागले. "नसंल आला," स्वतःलाच म्हणाले.

मी पुढच्या सीटवर बसलो होतो. तेव्हाच मागे वळून बोलायचं होतं.

१७ मे

दीपा आज गाडीत बसली. दवाखान्याची फाइल राहिली होती, ती काढायला. बसल्या बसल्या तिने एसीचं बटण दाबलं. गार हवा भसकन आली.

बाहेर येऊन म्हणाली, "दुरुस्त केलास?"

"हो."

"कुठल्या गॅरेजला?"

मी फाइल कुठली, कुठली असं करत राहिलो. ती आत गेली. तिने मला बाहेर पडायला वाट करून दिली होती आणि मी ती घेतली नाही.

आजपासून धोंड्याचा महिना लागला. अधिक महिना. मामींचा फोन — पुढच्या रविवारी धोंडे खायला या. जावयाचा मान असतो. मामा म्हणतायत, या खेपेला जोरात करायचं, पाव्हण्यांनी जीव वाचवला माझा!

जीव वाचवला!

२४ मे, रविवार

सकाळी गेलो. एस्टीने. दीपाने विचारलं नाही का ते.

मांडव नव्हता, पण मांडवासारखं होतं. भावकी, शेजारी, टपरीवरचे सगळे. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. मामींनी अनारसे आणि दिवा ठेवलेलं ताट तयार ठेवलं होतं. मला बसवलं, शेजारी दीपाला. आणि मामा तांब्या घेऊन माझे पाय धुवायला खाली वाकले. हात थरथरत होते. आजारपणानंतर थरथरतात. पाणी पायावर कमी आणि जमिनीवर जास्त.

मला सहन झालं नाही. पाय मागे घेतले.

"मामा, थांबा. गाडी नऊ देते. सोळा तिने कधीच दिलं नाही. आणि त्या दिवशी एसी बंद पडला नव्हता. मी बंद ठेवला होता. आकडा वाढावा म्हणून."

दीपा समोर बघत राहिली. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांचा चुलतभाऊ अजिनाथ — "म्हंजी रंभादादा, तुमी गावभर जे सांगत हुता सोळा सोळा…" आणि आणखी दोघे हसले. टपरीवरचे.

मामा तसेच वाकलेले. तांब्या हातात. मान वर केली नाही. हळू म्हणाले, माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल — "मला एकट्याला सांगायचं हुतं, पाव्हणं."

मग म्हणाले, "पाय म्होरं घ्या. पानी सांडतंय."

आणि धुतले. नीट, बोटांमधून. टॉवेलने पुसले. कुंकू लावलं. मामींनी तुपात बुडवून धोंडे वाढले. मी खाल्ले. खाण्यावाचून काय करणार होतो?

मला वाटलं होतं, खरं बोललो की हलकं वाटेल. वाटलंही, अर्धा मिनिट. मग कळलं की मी माझं ओझं उतरवून ते सरळ त्यांच्या डोक्यावर ठेवलं, त्यांच्याच दारात, त्यांच्याच लोकांसमोर. संध्याकाळी ते टपरीवर गेले नाहीत. मामी म्हणाल्या, रोज जातात.

दीपा म्हणाली, मी राहते इथे थोडे दिवस. भांडली नाही. माझी बॅग मात्र तिने भरून दिली.

आणि एक राहिलंच. राहीबाईंचा फोन. तेवढं बोललो नाही. ते कुणालाच माहीत नाही ना, म्हणून राहिलं.

२६ मे

घर रिकामं. गाडीवर कव्हर टाकलं. दीपाला दोनदा फोन केला. अण्णा बरे आहेत, एवढंच. राहीबाईंचं सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, जेवलीस का?

२८ मे

आज ठरवलं होतं सांगायचं. नाही सांगितलं.

३१ मे, रविवार

अनोळखी नंबरवरून फोन. राहीबाई.

मामा त्यांच्याकडे पोचलेत. घरात कुणाला न सांगता सकाळी एस्टीत बसले. नगरच्या स्टँडवर गाडी बदलली — माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर — आणि मला कळवलं नाही.

"तू गाडी बंद पडली म्हनलास," राहीबाई म्हणाल्या. "त्यो दवाखान्यात पडलेला, आन् म्या हितं त्याच्या नावानं बोटं मोडत बसले. अर्ध्या वाटंवरनं माघारी गेला म्हनून. त्याला वाटलं, बहिनीनी साधी चौकशी बी केली न्हाई. आत्ता दोघं बसून बोललो तवा उमगलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस न्हवं? फोनवर काय बोलू नगंस आता. हितं ये आन् आमा दोघांच्या म्होरं बोल."

मागून मामांचा आवाज आला. पाव्हणं नाही म्हणाले. पहिल्यांदाच नाव घेतलं.

"प्रवीणला म्हनावं, जेवाया थांबतो."

स्टँडवर निघालोय.